पाप कुणाच्या नावावर?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून दिले आहे.)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाच्या विषयावर बोलायला सांगितले. डॉक्टर झालेले मधुमेहावर बोलले, बँकेतले ऑनलाइन फसवणुकीवर बोलले. मी सॉफ्टवेअरमध्ये, तेव्हा 'कॉम्प्युटर आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाणार का' हे मी सांगावे अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याचे उत्तर जेवताना देते. इथून मी पंडिता रमाबाईंबद्दल बोलणार आहे, आणि तेही त्यांच्या शाळांबद्दल कमी, त्यांच्या धर्माबद्दल जास्त. पाप म्हणजे त्यांना काय वाटत होते, त्यांच्या मनात कसले भांडण चालले होते, आणि 'नवा जन्म' असे ख्रिस्ती लोक ज्याला म्हणतात तो त्यांना कसा सापडला.

विषय कळल्यावर आपल्या ग्रुपवर दोघातिघांनी लगेच लिहिले, "मेळाव्यात धर्मांतर कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधीच सांगते. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे, वडील अजून वारीला जातात, आणि मला कुणाचा धर्म बदलायचा नाही. माझाही बदललेला नाही. पण आपल्या गावाच्या खालून भीमा वाहते, ती ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि पुढे थोड्याच अंतरावर केडगाव आहे. तिथे राहून एका बाईने जे केले ते आपण शाळेत रिकाम्या जागा भरा यात शिकलो: मुक्ती सदनाची स्थापना अमुक यांनी केली. नाव लिहिले की गुण मिळाला. तिने ते का केले, हे मात्र पुस्तकात नव्हते, कारण त्या 'का'चे उत्तर धर्मात होते आणि धर्माचा भाग सगळ्यांनाच अडचणीचा वाटतो. तुकोबांबद्दल 'देहूचे एक वाणी, जे कविताही करत' एवढेच शिकवले तर कसे वाटेल? रमाबाईंचे तसे झाले आहे.

आता मुद्द्यावर येते.

पाप या शब्दाचा आपल्या घरातला अर्थ काय, ते आधी पाहू. पाप म्हणजे केलेले वाईट कृत्य. त्याची नोंद कुठेतरी होते आणि त्याचे फळ या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी मिळते. यात एक न्याय आहे, मी त्याची चेष्टा करत नाही. 'करावे तसे भरावे' एवढ्या एका वाक्यावर कितीतरी माणसे आयुष्यभर सरळ वागली. पण हाच हिशोब उलटा वाचला की काय होते बघा. एखाद्याच्या वाट्याला दुःख आले, म्हणजे त्याने काहीतरी केलेले असणारच. या जन्मी केलेले दिसत नाही? मग मागच्या जन्मी केले असेल. आमच्या कामात एखादा बिघाड कुणाच्या माथी मारायचा तर निदान नोंद दाखवावी लागते: अमक्या वेळी, अमक्याने, अमुक केले. इथे नोंद कुणीच पाहिलेली नाही, साक्षीदार नाही, आरोपीलासुद्धा गुन्हा आठवत नाही. शिक्षा मात्र समोर दिसते आहे, म्हणून गुन्हा सिद्ध.

हा उलटा हिशोब सर्वांत जास्त कुणाच्या नावावर लागला असेल तर तो विधवेच्या. नवरा गेला तो तिच्या पापाने. "नवऱ्याला खाल्लं", "पांढऱ्या पायाची", हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. १८८७ साली अमेरिकेत असताना रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी हेच मांडले: केशवपन, एकवेळचे जेवण, एकटेपणा हे सगळे होतेच, पण त्याच्या मुळाशी ही समजूत होती की त्या आठ-दहा वर्षांच्या पोरीने कधीतरी काहीतरी भयंकर केले आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे ती पोरही तेच मानायला शिकत होती.

रमाबाईंना हे बाहेरून कळलेले नव्हते. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष घेऊन ते सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला जाऊन राहिले. पुढे सगळे कुटुंब तीर्थाहून तीर्थाला पुराण सांगत हिंडले. रमाबाईंनी नंतर लिहिले आहे की आपली पापे आडवी येतात, ती धुऊन निघावीत म्हणून घरातला पैसा दानात, व्रतात, अनुष्ठानात गेला. मग १८७०च्या दशकातला दक्षिणेचा दुष्काळ आला. वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक उपासमारीने गेली. बहीणभाऊ दोघे उरले आणि पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्या पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात मोडून, लग्न केले. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

म्हणजे तेविसाव्या वर्षी या बाईच्या नावावर, त्या हिशोबाने, सगळे घरदार खाल्ल्याची नोंद झाली.

कलकत्त्यात असतानाच केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिला होता. त्या शास्त्रे वाचत गेल्या. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष कडू आहे: शास्त्रांचे आपसात कितीही मतभेद असोत, स्त्री मुळातच अपवित्र आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, यावर मात्र सगळ्यांचे एकमत. हे त्यांचे वाचन आहे. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. त्यांनी आपल्याला मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई शिकवल्या, आणि त्या वाचनात रमाबाईंच्या निष्कर्षाला उत्तर आहे असे मला वाटते. पण ज्या घरात त्या वाढल्या तिथे अधिकार शास्त्राचा होता, अभंगाचा नव्हता. हा फरक मोठा आहे.

१८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली वैद्यक शिकायला म्हणून इंग्लंडला गेल्या. निघताना आपण ख्रिस्ती होणार नाही असे त्या म्हणाल्या होत्या. वॉन्टेज गावच्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्या उतरल्या. त्या सिस्टरांचे लंडनमधल्या फुलहॅम इथे एक घर होते. ज्यांना समाज 'बिघडलेल्या' बायका म्हणतो त्यांच्यासाठी. रमाबाई तिथे गेल्या आणि चक्रावल्या. आपल्याकडे अशा बाईला शिक्षा असते, इथे तिला आसरा देऊन तिची सेवा का करतात? त्यांनी एका सिस्टरला तसे विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची, भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. गावाने विटाळ मानलेल्या बाईच्या हातचे पाणी. हे वेगळे काय आहे ते रमाबाईंसारखीला समजावून सांगावे लागले नसेल.

इथे ख्रिस्ती लोकांचा पापाचा विचार सांगते, कारण तो आपल्याला सहसा चुकीचा माहीत असतो. आपल्याला वाटते, रविवारी जायचे, कबुली द्यायची, मोकळे व्हायचे, सोमवारपासून पुन्हा सुरू. (आपल्याकडच्या गंगास्नानाबद्दलही बाहेरचे लोक हेच म्हणतात, तेव्हा फार हसू नये.) त्यांच्या मूळ विचारात पाप म्हणजे आधी कृत्य नाही, अवस्था आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पापाला शब्द आहे 'हमार्तिया'. त्याचा धातू नेम चुकण्याचा आहे. बाण सुटला, पण लक्ष्यावर गेला नाही. मला गंमत वाटते ती ही की मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात आहेत. हिशोब चुकतो, तसा नेमही चुकतो, वाटही चुकते. वाट चुकलेल्या माणसाला आपण शिक्षा देत नाही, त्याला शोधायला जातो.

आणि दुसरी गोष्ट, या विचारात सगळेच चुकलेले आहेत. एकही सुटत नाही. राजा, पुरोहित, सिस्टर, फुलहॅमची बाई, सगळे एका रांगेत. 'तुम्ही सगळे पापी आहात' हे वाक्य कानाला फार कडवट लागते. मलाही लागते. कुणी रस्त्यात कागद हातात देऊन असे म्हणाले तर मी दोन पावले मागे सरकते. पण हेच वाक्य एका बालविधवेच्या कानाने ऐकून पाहा. आजवर पापी ती एकटी होती. घरातले बाकी सगळे शुद्ध, तिची सावलीही पडू नये इतके शुद्ध. आता कुणीतरी सांगते आहे की सासरा, दीर, भटजी आणि ती, सगळे सारखेच. तिच्या नावावर वेगळे काही नाही. मला वाटते केडगावचे सगळे काम या एका गोष्टीतून उभे राहिले. पापाची वाटणी बदलली.

तुकोबांना हे परके वाटले नसते, असे माझ्या वडिलांचे म्हणणे. ते स्वतःला पतित म्हणवतात आणि देवाला पतितपावन. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेही आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. मी वडिलांना एवढेच विचारले की मग गावात स्वतःला पतित म्हणवून घेणाऱ्या कुणी विधवेच्या हातून आरती करवली का. ते म्हणाले, "ते तुकोबांना विचारू नको, आम्हाला विचार."

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, मनोरमेचाही. त्याच्या थोडे आधी त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथेच आत्महत्या केली होती. त्या काळात रमाबाईंच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करवत नाही. इकडे पुण्यात बाप्तिस्म्याची बातमी म्हणजे आग. आपल्याला शाळेत वाटायचे की गोष्ट इथे संपते: बाई बाटली, पुढे समाजकार्य केले. खरे तर भांडणाला इथून सुरुवात होते.

कारण ज्यांनी त्यांना धर्मात घेतले त्यांच्याशीच त्या पहिल्या दिवसापासून वाद घालत होत्या. त्रैक्य का मानायचे? कुमारीच्या पोटी जन्म, हे श्रद्धेला खरेच आवश्यक आहे का? बिशप सांगतो म्हणून मी का ऐकू, मी एका पुरोहितशाहीतून नुकतीच सुटून आले आहे. मांस खाणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत चालत नाही का? सिस्टर जेराल्डिन आणि त्यांच्यातली पत्रे छापलेली आहेत, कुणी वाचली नसतील तर जरूर वाचा. आपल्याकडे समज असा की धर्मांतर केलेला माणूस मान खाली घालून नव्या धन्याचे ऐकतो. ही बाई दोन्हीकडच्या धन्यांना पुरून उरली.

आणि तरीही, हे त्यांनी स्वतःच १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत सांगितले आहे, बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे त्यांचे समाधान झालेले नव्हते. बुद्धीला पटले होते. धर्म मिळाला होता, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, तो भेटला नव्हता. चांगले वागायचे ठरवावे आणि जमू नये, मन आवरावे आणि ते उसळावे, हे आतले ओढाताणीचे भांडण चालूच. ख्रिस्ती लोक आध्यात्मिक संघर्ष म्हणतात तो हाच. त्यात सैतान, दुष्ट शक्ती हे सगळे येते आणि रमाबाई ते शब्दशः मानत. मी मानत नाही. पण पौलाने रोमकरांच्या पत्रात जे वर्णन केले आहे, की करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि नको ते नेमके होते, त्याला सैतान लागत नाही. इथल्या प्रत्येक शिक्षकाने दहावीच्या वर्गात, मार्च महिन्यात, हे रोज पाहिलेले आहे.

१८९१च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे 'फ्रॉम डेथ इनटू लाइफ' हे आत्मचरित्र आले. या हॅस्लमची गोष्ट चमत्कारिक आहे. तो आधीच पाद्री होता, देऊळ सांभाळत होता, प्रवचने देत होता, आणि एके दिवशी प्रवचन देता देता त्याचे स्वतःचेच परिवर्तन झाले. म्हणजे धर्मात असणे वेगळे, बदलणे वेगळे, बाप्तिस्मा झाला म्हणून काम झाले असे नाही. रमाबाईंना आपले दुखणे तिथे सापडले. आपण सगळे जमवायला बघतो आहोत, स्वतःच्या बळावर शुद्ध व्हायला बघतो आहोत, आणि तिथेच अडतो आहोत. नव्याने जन्मायचे तर मूल व्हावे लागेल, आणि मूल स्वतःच्या कर्तबगारीने जन्मत नाही. हे कळल्यावर त्यांचा जीव शांत झाला, असे त्या सांगतात. मी त्यांचा शब्द प्रमाण मानते, कारण त्यानंतरची तीस वर्षे त्यांनी जी घडवली ती दमलेल्या माणसाची नाहीत.

आता या 'नव्या जन्मा'बद्दल. बायबलमध्ये निकदेम नावाचा मोठा शास्त्री रात्री, लपून, येशूकडे येतो आणि त्याला नव्याने जन्म घ्यायला सांगितले जाते. म्हाताऱ्याने आईच्या पोटात परत कसे जायचे, असे तो बिचारा विचारतो. मूळ ग्रीक शब्द 'अनोथेन'. त्याचे अर्थ दोन, 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेम पहिला अर्थ धरतो, येशूला दुसराही अभिप्रेत आहे. हे मराठीत कसे आणायचे? सोपा शब्द हाताशी आहे, पुनर्जन्म. पण तो वापरताच येत नाही! आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये काही शब्द राखीव असतात, भाषेने आधीच आपल्या कामाला लावलेले, ते दुसऱ्या कशाला नाव म्हणून देता येत नाहीत. पुनर्जन्म हा मराठीतला तसा राखीव शब्द. म्हटले की मरण, मग दुसरे शरीर, मग पुन्हा फेरा. म्हणून ख्रिस्ती मराठीत 'नवा जन्म', 'नव्याने जन्मणे' असे म्हणतात. हा फक्त शब्दांचा खेळ नाही. पुनर्जन्म मेल्यावर मिळतो, आणि तो आधीच्या हिशोबाप्रमाणे मिळतो. नवा जन्म मरायच्या आधी मिळतो, आणि त्यात आधीचा हिशोब धरत नाहीत.

आपल्याकडेही या जन्मातला दुसरा जन्म होता की. मुंज झाली की मुलगा द्विज, दोनदा जन्मलेला. पण तो ठराविक वर्णांच्या मुलांना. मुलींना नाही, आणि इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या पणजोबांनाही नाही. बाईला दुसरा जन्म हवा असेल तर मरणे आणि पुण्य पुरले तर पुढच्या खेपेला पुरुष होणे, एवढाच मार्ग. अशा मुलीला कुणी म्हणावे, तुझा दुसरा जन्म आज, इथे, याच देहात होऊ शकतो, मुंडन झालेल्या डोक्यानिशी. पटो न पटो, त्या वाक्याचे वजन समजून घ्या.

मात्र १८९३चे प्रकरण गाळून मी पुढे गेले तर इतिहासाचे सर मला सोडणार नाहीत. १८८९ साली मुंबईत निघालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते आणि म्हणूनच न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसे सल्लागार मंडळावर होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करत. मुली येऊन बसू लागल्या, काहींचा कल तिकडे झाला. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कुणाला बोलावले नाही, पण माझ्या घराचे दार माझ्या देवासाठी बंदही करणार नाही. मला त्यांचा ताठपणा आवडतो, पण पालकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. ज्या बाईने जगाकडून पहिल्यांदा प्रेम दिले, ती रोज उघड्या दारात डोळे मिटून बसते. दहा-बारा वर्षांच्या पोरीला ते न बोलावलेले बोलावणेच असते. शब्द दिला होता तो अक्षराने पाळला गेला, अर्थाने पुरता नाही. रानड्यांसारखा सौम्य माणूस उगाच बाजूला झाला नसेल. मात्र ज्यांनी मुली घरी परत नेल्या त्यांनी त्यांना पुढे काय दिले, हाही प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

त्यानंतर केडगाव. तिथे जमीन घेतलेली होती. १८९६-९७चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली, बाया घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई कुणाला निवडणार आणि कुणाला सोडणार? मुक्तीची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. विचार करा, त्या वेळी आपल्या गावाची लोकसंख्या काय असेल. जिरायत माळ, विहिरी खोदायच्या, जोंधळा दळायचा, पोरींना खरूज, ताप. आणि त्यातच 'कृपा सदन', फुलहॅमच्या घराची ती केडगावची बहीण, ज्यांना कुठेच दार नव्हते त्या बायांसाठी. आज केडगाव म्हटले की जोडून चौफुला येतो आणि चौफुला म्हटले की पुरुषमंडळी गालात हसतात. तिथल्या कलावंत बायकांकडे आपण रात्री कोणत्या नजरेने बघतो आणि सकाळी बाजारात कोणत्या, याचाही हिशोब एकदा करायला हरकत नाही.

जून १९०५मध्ये मुक्तीत जे झाले ते मात्र माझ्यासारखीला कठीण जाते. वेल्समध्ये मोठी धर्मजागृती चालल्याच्या बातम्या येत होत्या. मुली गटाने प्रार्थना करत होत्या. एक दिवस त्या रडू लागल्या, थरथरू लागल्या, मोठ्याने आपापली पापे बोलू लागल्या. शेकडो मुली, दिवसचे दिवस. बाहेरून बघणाऱ्याला हे अंगात येण्यासारखेच दिसले असणार. काही गोऱ्या मिशनऱ्यांनाही ते मुळीच आवडले नाही: शिस्त कुठे आहे, आरडाओरडा कसला. रमाबाईंनी त्यांना उत्तर दिले की इथल्या माणसांचे मन इथल्या रीतीने मोकळे होऊ द्या, तुमच्या रीतीचा साचा त्यांना लावू नका. मी देवाचे काही सांगू शकत नाही. पण या मुली कोण होत्या ते आठवते. दुष्काळात आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या, भावंडे वाटेत सुटलेली, भाकरीसाठी काय काय करावे लागलेल्या. पाच-आठ वर्षे त्या शहाण्यासारख्या रांगेत जेवल्या, शिवण शिकल्या. त्यांना कधीतरी रडायचे असेलच ना.

काल संध्याकाळी मेळाव्यातल्या महिलांसाठी हळदीकुंकू ठेवले होते. हौसेने ठेवले होते, कुणाच्या मनात वाईट नव्हते. आपल्या बॅचच्या दोघी आल्या नाहीत. एकीचा नवरा कोरोनात गेला, दुसरीचा त्याच्याही आधी. एक मंडपाबाहेर पोरांना खेळवत होती. मी तिला बोलवायला गेले तर म्हणाली, "तू आत जा गं, उगाच माझ्यामुळे कुणाला काही वाटायला नको." ही आपल्या वर्गातली गणितात पहिली येणारी मुलगी. पाप मानतो असे आज आपण कुणी तोंडाने म्हणत नाही. पण ती कुणाला काय वाटेल म्हणून बाहेर थांबली होती, त्याचे नाव दुसरे काय आहे? मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनाने तो बाकीच्या गावांपुढे ठेवला. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या, म्हणजे शंभर वर्षांनी. हेरवाडकरांनी कुणाचा धर्म बदलला नाही. ग्रामसभा घेतली, हात वर केले. आज संध्याकाळी वाण वाटायचा कार्यक्रम आहे. मी संयोजक मैत्रिणींशी बोलले आहे, सुरुवात त्या दोघींच्या हस्ते होणार आहे. दोघींनाही विचारले, एक हो म्हणाली, दुसरी अजून विचार करते आहे. तिच्यावर कुणी जबरदस्ती करू नये.

शेवटी रमाबाईंच्या एका कामाबद्दल, कारण माझ्या धंद्याला ते जवळचे आहे. आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षे त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, हिब्रू आणि ग्रीक मुळावरून. त्यासाठी त्या भाषा त्या उतारवयात शिकल्या. आधीची भाषांतरे संस्कृतने जड झालेली होती. त्यांना खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती, आणि संस्कृत शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही मागोमाग घरात शिरतो हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार? ज्या विद्येने त्यांना 'सरस्वती' केले, तीच त्यांनी एकेक शब्द करून बाजूला ठेवली. मजकुराचे खिळे जुळवणे, छापणे हे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायांनी केले. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक. रमाबाईंनी काम थांबवले नाही. त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते पूर्ण बायबल बाहेर आले. एकेकाळी जिचे तोंड बघणे अशुभ होते अशा कुणा बाईने त्यातले पान जुळवले असेल, उलटी अक्षरे वाचत, एकेक खिळा चिमटीने उचलत.

उद्या सकाळी आम्ही काही जण केडगावला जाणार आहोत. आधी विचारून ठेवले आहे. दवाखाना, शाळा, चर्च, रमाबाईंची कबर, दोन तासांत बघून होते. साडेसातला शाळेच्या फाटकापासून गाडी निघेल आणि तीत अजून तीन जागा आहेत. मराठीच्या बाई येणार आहेत, त्यामुळे पुढची सीट गेली.